कुठलं वडगाव?

मराठी बातम्या हैदराबादेत तयार होतात असं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं, की तो आधी हसतो. मग विचारतो, "तिथं बसून तुम्हाला आमच्याकडचं काय कळतं?" बावीस वर्षं मी हा प्रश्न ऐकतेय. सुरुवातीला समजावून सांगायची. आता कोण घसा कोरडा करणार! आता उलट मीच विचारते, "तुमच्या तालुक्यात वडगाव किती, ते सांगा बघू." समोरचा गडबडतो. मला मात्र येतं सांगता, आणि त्याची मला घमेंड आहे. असू दे.

मी हैदराबादच्या गौलीगुड्याची. आमचे आजोबा मराठवाड्यातून आले तेव्हा तो मुलूख हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे ते काही परगावी आले नव्हते. वडील बेगम बाजारात मसाल्याच्या ठोक दुकानात उभे राहायचे. संध्याकाळी त्यांच्या आधी त्यांच्या सदऱ्यावरची मिरची घरात शिरायची आणि आम्ही भावंडं ओळीनं शिंकायचो. घरात मराठी, गल्लीत दखनी, बसमध्ये तेलुगू. माझ्या बोलण्यात "हौ" आणि "नक्को" कधी घुसले, मलाच कळलं नाही.

वाहिनीत मुलाखतीला गेले तेव्हा पुण्याहून आलेल्या एका संपादकांनी विचारलं होतं, "ही मराठी कुठली?" मी म्हटलं, "घरची." नोकरी दिली त्यांनी, पण लिहायची. बातम्या वाचायला मला कधी बसवलं नाही. त्याचा राग आला होता. खोटं कशाला बोलू, अजूनही येतो.

आमची जुनी इमारत शहराच्या बाहेर होती. खाली एक स्टुडिओ, वर सगळे डेस्क एकाच लांबलचक खोलीत. तेलुगू डेस्क खिडकीजवळ, कन्नड मध्ये आणि मराठी डेस्क पाण्याच्या मशीनशेजारी, कारण आम्ही सगळ्यांत शेवटी आलो. आम्ही अकरा जण. जिल्ह्याजिल्ह्यातून वार्ताहरांचे निरोप आणि चित्रफिती यायच्या, आम्ही त्याची बातमी करायचो आणि संध्याकाळी सातला ती परत त्याच जिल्ह्यांत पोचायची. आमच्यातल्या निम्म्यांनी ती गावं जन्मात पाहिली नव्हती. मीही त्यातलीच.

आणि त्यातूनच ती चूक झाली. सांगतेच, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही.

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. लग्नसराई होती. सकाळी निरोप आला, वडगाव खुर्दहून निघालेली वऱ्हाडाची जीप उलटली, चौघं गेले. पडद्याच्या तळाला दिवसभर जी पट्टी फिरते, तिच्यात तेव्हा अक्षरं मोजून बसवावी लागायची. माझी ओळ बसेना. मी शहरातली पोर. गावाच्या नावामागचं खुर्द, बुद्रुक मला नुसतं शेपूट वाटायचं. ते कापलं. ओळ झकास बसली. "वडगावच्या वऱ्हाडाची जीप उलटली, चार ठार." मी चहा प्यायला गेले.

त्या वेळी तिथून वीसेक मैलांवरच्या एका गावात मांडव घातलेला होता. नवरदेव यायचा होता वडगाव बुद्रुकहून. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. कुणीतरी ती पट्टी वाचली आणि पळत मांडवात आलं. नवरी हळदीच्या अंगानं जागच्या जागी कोसळली. तिच्या आईनं हंबरडा फोडला. आचाऱ्यांनी चुली विझवल्या, पाहुणे चपला शोधायला लागले. आणि दोन तासांनी वाजतगाजत वऱ्हाड आलं. सगळे धडधाकट, भुकेले, आणि इथं ही रडारड कसली चाललीय म्हणून चक्रावलेले.

हे मला कसं कळलं, तर नवरीच्या बापाचा फोन आला. पडद्यावर आमचा नंबर असायचा. लग्न लागल्यावर, जेवणं उरकल्यावर, गावातल्या किराणा दुकानातून त्यांनी फोन लावला होता. मी उचलला. त्यांनी सगळं सांगितलं, अगदी सावकाश. मी शिव्यांची वाट बघत होते. ते म्हणाले, "बाई, तुम्ही कुठल्या?"

"हैदराबादची."

"मग तुम्हाला दोन वडगावं कशी ठाऊक असणार? हा दुकानाचा नंबर लिहून घ्या. पुढच्या वेळी विचारा आणि मग सांगा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी बाथरूममध्ये जाऊन ढसाढसा रडले. दुसऱ्या दिवशी वडिलांना सांगून बेगम बाजारातून लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांब वही आणवली आणि पहिल्या पानावर तो नंबर लिहिला.

तिथून आमच्या डेस्कची रीत पडली. गावाचं नाव पडद्यावर जायच्या आधी त्या गावातल्या माणसाच्या तोंडून ऐकायचं. वार्ताहरानं सांगितलं, पोलिसांनी सांगितलं, ठीक आहे. पण गावातलं कोण म्हणालं? वहीत नंबर वाढत गेले. पिठाची गिरणी, एसटी स्टँडवरचं कँटीन, अंगणवाडीच्या ताई, शाळेतले शिपाई. प्रत्येक गावापुढं खुर्द की बुद्रुक, आणि जवळ कुठली नदी, कुठला फाटा. बाकीचे डेस्क हसायचे. तेलुगू डेस्कवाले मला "फोनक्का" म्हणायचे. म्हणेनात का! आमच्या बुलेटिनमध्ये त्यानंतर मेलेला माणूस जिवंत झाला नाही की जिवंत माणूस मेला नाही.

पहिल्या पानावरचे ते गृहस्थ मात्र आमचेच होऊन गेले. दुकानाचा फोन बंद पडला तेव्हा स्वतः कळवलं, "बाई, नवा नंबर घ्या." मोबाइल आला तसा तोही लिहून घ्यायला लावला. एकदा म्हणाले, "लेकीचाही घेऊन ठेवा, ती आता वडगाव बुद्रुकचीच. तिकडचं काही असलं तर सरळ तिलाच विचारा." मी लिहून घेतला. पण तो नंबर मी कधी लावला नाही. काय म्हणून लावू? जिला हळदीच्या अंगानं मी विधवा करून ठेवलं, तिला कुठल्या तोंडानं "कशा आहात ताई" म्हणायचं? वडगावचं काही आलं की मी बापालाच फोन करायची, ते लेकीला विचारायचे आणि मला सांगायचे. कोरोनानंतर एकदा लावला तर मुलानं उचलला. "आप्पा गेले," म्हणाला. वहीतलं नाव मात्र मी खोडलं नाही.

मग गेल्या वर्षी नव्या इमारतीचं निघालं. गच्चीबौलीकडं, सगळी काचेची. टेप गेल्या, जुनी कंट्रोल रूम भंगारात गेली, कॅमेरे माणसाशिवाय आपापले वळायला लागले. मला काही दुःख झालं नाही. जुन्या इमारतीत पावसाळ्यात बादल्या ठेवाव्या लागायच्या, त्याचं कसलं आलंय कौतुक. नव्या यंत्रणेत बातमी टाकली की गावाचं नाव, नकाशा, पट्टी सगळं क्षणात आपोआप बसायचं. आमची ग्राफिक्सची पोरगी, इथल्याच कोठी भागातली, मराठी घरातली असून मराठी अडखळत वाचणारी, तिनं ते चालवून दाखवलं तेव्हा मीही तोंडात बोट घातलं.

पण काचेच्या इमारतीबरोबर मोठे साहेब आले आणि साहेबांबरोबर प्रश्न आला. मराठी डेस्क हैदराबादेत कशाला हवा? सगळं मुंबईला नेऊ. साहेब सरळ माणूस, गोड बोलून फसवणारे नव्हते. म्हणाले, "एक आठवडा बघू. साडेसहाचं बुलेटिन मुंबई काढेल, सातचं तुम्ही. आठवड्यानंतर ठरवू कुणाला ठेवायचं ते." हरलो तर अकरा जण घरी आणि डेस्क बंद, इतकं स्वच्छ होतं.

माझं डोकं सटकलं होतं. बावीस वर्षं केलं ते काय चुलीत घालायला? पण तोंड बंद ठेवलं आणि कामाला लागले. सहा दिवस बरे गेले. मुंबईची पोरं चलाख होती, हे कबूल केलंच पाहिजे. बातमी आली की दोन मिनिटांत पडद्यावर. आम्ही फोन करत बसायचो आणि मागं राहायचो. साहेब काचेच्या केबिनमधून घड्याळ बघायचे. डेस्कवरच्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. आमच्यातला एक नांदेडचा, घरी दोन लेकरं, तो मला रोज म्हणायचा, "ताई, हा एक आठवडा फोन राहू द्या. नंतर करू हवे तेवढे." मी म्हणायची, "नक्को." तो कपाळाला हात लावायचा.

शेवटचा दिवस शुक्रवार. सहा वाजून वीस मिनिटांनी निरोप आला: वडगाव, कालवा फुटला, घरांत पाणी, दोघं बेपत्ता. एवढंच. वार्ताहर वाटेत होता, त्याचा फोन लागेना.

साडेसहाला मुंबईनं ठोकून दिलं, "वडगाव बुद्रुक पाण्याखाली, दोघे बेपत्ता." वार्ताहरानं बुद्रुक म्हटलंच नव्हतं. यंत्रणेत वडगाव टाकलं की ती दोघांतलं मोठं गाव उचलायची आणि नकाशाही त्याचाच लावायची. दिसायला असं देखणं दिसत होतं सगळं! दहा मिनिटांत दुसऱ्या तीन वाहिन्यांनीही तेच लावलं.

सहा पन्नासला पडदा आमच्या ताब्यात आला. पट्टीवर लाल अक्षरांत वडगाव बुद्रुक फिरतच होतं. मी ग्राफिक्सच्या पोरीला म्हटलं, "काढ ती."

"काय काढू?"

"पट्टी. अख्खी काढ."

नांदेडचा उठून उभा राहिला. "ताई, सगळीकडं चालू आहे. आपणच काढली तर आपण गेलो. आजचा दिवस तरी..." मी एवढंच म्हटलं, "याच पट्टीवर मी एकदा माती खाल्लीय. पुन्हा नाही." पोरीनं पट्टी काढली. केबिनचं दार उघडून साहेब आले ते तरातरा.

"पट्टी का काढली?"

"कुठलं वडगाव ते ठाऊक नाही, साहेब."

"सगळे दाखवतायत."

"त्यातल्या कुणी विचारलंय का?"

माझा आवाज चढला होता, हौ, चढला होता. साहेबांनी घड्याळाकडं पाहिलं आणि तिथंच उभे राहिले. मी वही उघडली. पहिलं पान. बापाचा नंबर, आणि त्याखाली माझ्याच अक्षरात "लेक – वडगाव बु." बाप तर गेला होता. आता मध्ये घालायला कुणी नव्हतं. मी नंबर लावला.

तिनं लगेच उचलला. मागं माणसांचा गलका.

"मी टीव्हीच्या बातम्यांतून बोलतेय. कालवा तुमच्याकडं फुटलाय का हो?"

"नाही ओ बाई, आमच्या दारात धूळ उडतीय! खुर्दला फुटलाय, तीन किलोमीटर वर. आमचे दीर ट्रॅक्टर घेऊन गेलेत माणसं काढायला. आन् टीव्हीवर आमचंच नाव काय लावलंय?"

"दोघं बेपत्ता म्हणतात..."

"थांबा, दिरालाच विचारते, दुसऱ्या फोनवर आहेत." मी थांबले. सात वाजले. बुलेटिन सुरू झालं, पहिली बातमी दुसरीच गेली. माझा कान फोनला आणि साहेबांचे डोळे माझ्यावर. तिकडं ती दिराशी ओरडून बोलत होती, इकडं आम्हाला अर्धं ऐकू येत होतं. मग ती परत आली. "दोघं सापडले. म्हातारा-म्हातारी. शाळेच्या गच्चीवर चढून बसले होते. घ्या, दिराचा नंबर लिहा, तुम्हीच बोला." मी बोलले. त्यांनी खुर्दच्या सरपंचांना फोन दिला. सगळं तेच निघालं.

सात वाजून आठ मिनिटांनी आमची बातमी गेली. वडगाव खुर्दला कालवा फुटला, बेपत्ता दोघे सुखरूप, वडगाव बुद्रुकला धोका नाही. पट्टी मी स्वतः टाइप केली. "खुर्द" लिहिताना बाई, काय सांगू, अक्षर न् अक्षर दाबून लिहिलं. साहेब केबिनमध्ये गेले. साडेसात वाजता मुंबईनं आपली दुरुस्ती लावली, बाकीच्यांनी तर तीही लावली नाही.

घरी गेले ती सरळ पलंगावर पडले. बरोबर केलं होतं, पण आठ मिनिटं उशिरा, आणि परीक्षा तर मिनिटांचीच होती.

शनिवारी साहेबांनी बोलावलं. समोर माझी लाल वही ठेवलेली. आदल्या संध्याकाळी मी निघाल्यावर त्यांनी ती मागवून घेतली होती. म्हणाले, "यात किती गावं आहेत?"

"मोजली नाहीत."

"यंत्रणेत अशी एक चौकट घालायचीय. गावातून कोण बोललं, ते भरल्याशिवाय बातमी पुढं सरकणारच नाही. सगळ्या भाषांना. तुम्ही शिकवाल सगळ्यांना?"

"म्हणजे डेस्क?"

"डेस्क इथंच. वाचणारे मुंबईतून वाचतील, स्टुडिओ तिकडं चांगला आहे. पण बातमी इथून जाईल."

वाचणारे तिकडं जाणार म्हणून आमच्या दोघी निवेदिका हिरमुसल्या, त्यातली एक मुंबईला गेली, एक नोकरी सोडून शाळेत लागली. ते मला लागलंच. बाकी नऊ जण तिथंच राहिलो. सोमवारी तेलुगू डेस्कचा मुख्य खुर्ची ओढून माझ्याशेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "अक्का, चेप्पंडी. कसं करायचं सांगा." या खोलीत पाण्याच्या मशीनशेजारी बावीस वर्षं बसलेली बाई मी. माझा ऊर भरून आला आणि ते मी अजिबात लपवलं नाही.

पण त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, एक काम करायचं होतं. गौलीगुड्यात आईकडं गेले होते. दुपारी तिला झोप लागल्यावर गॅलरीत बसून मी तो नंबर पुन्हा लावला.

"ताई, शुक्रवारी बोललो होतो. टीव्हीच्या बातम्यांतली."

"हां हां, बोला की."

"मी हैदराबादहून बोलतेय."

तिनं कुणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितला. मग म्हणाली, "म्हंजे आप्पांच्या हैदराबादच्या बाई?"

"हो. तुमच्या लग्नाच्या दिवशी ती पट्टी मीच लिहिली होती." श्वास न घेता पुढचंही सांगून टाकलं. "इतक्या वर्षांत तुम्हाला फोन करायची हिंमत झाली नाही. माफी मागायला केलाय."

ती हसली. मोकळं, मोठ्यानं. "अगं बाई! त्याची काय माफी? आमच्या घरात तर ती गोष्ट आप्पांनी एवढी सांगितलीय, एवढी सांगितलीय, की माझ्या पोरीला तोंडपाठ आहे, तुमच्या वहीतल्या माझ्या नंबरासकट. पोरगी पुण्याला शिकते. शुक्रवारी हॉस्टेलवर टीव्हीत बघितलं तिनं, वडगाव बुद्रुक पाण्यात. लगेच मला फोन लावला तर माझा लागेना, सारखा बिझी."

तो फोन माझ्यामुळंच बिझी होता.

"घाबरली असेल हो पोरगी," मी म्हटलं.

"मीही तेच विचारलं. तर म्हणते कशी, मम्मी, मी आधी घाबरलेच होते. पण सात वाजायच्या आधी ती पट्टी मध्येच काढली. म्हटलं, आता हैदराबादच्या बाई तुलाच फोन करत असतील. मग बसले वाट बघत."